वॉरंटशिवाय अटक: वॉरंट मागण्यापेक्षा वेळ विचारा

चावडीवकील

सिनेमे बघून आपल्या सगळ्यांना एक वाक्य पाठ झालंय: "वॉरंट दाखवा." मी फौजदारी वकिली करतो. रात्री-अपरात्री येणारे बरेचसे फोन याच वाक्यानं सुरू होतात. "साहेब, वॉरंट नसताना पोराला उचललं, हे बेकायदा ना?" दर वेळी तेच उत्तर द्यावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

निव्वळ वॉरंट नाही म्हणून अटक बेकायदा ठरत नाही. गुन्हे दोन प्रकारचे, दखलपात्र आणि अदखलपात्र. कुठला गुन्हा कशात बसतो याचा तक्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या परिशिष्टात आहे (१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीची, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेची, जागा या संहितेनं घेतली). खून, दरोडा, बलात्कार, घरफोडी, फसवणूक हे दखलपात्र. इथं मॅजिस्ट्रेटला न विचारता पोलीस अटक करू शकतात. शिवीगाळ, हाताबुक्क्यांची साधी मारहाण, बदनामी हे अदखलपात्र. इथं तुमची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय तपाससुद्धा करता येत नाही, अटक तर लांबच. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरीही अदखलपात्र झालीय, हे अजून फार जणांना माहीत नाही.

पण दखलपात्र गुन्हा आहे म्हणून अटक केलीच पाहिजे असंही नाही. जोगिंदर कुमार खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि तो वापरायला सबळ कारण असणं वेगळं. त्याच निकालात राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या तिसऱ्या अहवालाचा दाखला आहे: सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय. नव्या संहितेच्या कलम ३५ मध्ये (जुनं ४१) सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यासाठी वेगळी चाळणी आहे. माणूस पुन्हा गुन्हा करेल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांना फोडेल, पळून जाईल किंवा त्याच्याशिवाय तपास नीट होणार नाही, यातलं काहीतरी असलं पाहिजे आणि ते कारण कागदावर लिहिलं पाहिजे. नाहीतर नोटीस द्यायची आणि चौकशीला बोलवायचं.

इथवर पुस्तकातलं झालं. माझं खरं दुखणं वेगळं आहे. माणसाला संध्याकाळी सातला ठाण्यात नेतात. रात्रभर बाकावर. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला अटक दाखवतात. राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, ते घड्याळ चारपासून धरतात. मधले एकवीस तास कुठं गेले? विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अटक नव्हती हो, नुसतं बसवून ठेवलं होतं."

त्यावर बोलूया. अनुभव असेल तर लिहा, फक्त ठाण्याचं आणि माणसांचं नाव टाकू नका.

घाटमाथा

वाचनखूण साठवली. एक शंका. चाळणी कागदावर आहे ते ठीक, पण 'तपास नीट होणार नाही' हे कारण तर कुठल्याही गुन्ह्यात लिहिता येईल की. मग अडलं कुठं?

चावडीवकील

@घाटमाथा, लिहितातच. छापील वाक्यं असतात, फक्त नाव बदलायचं. हेच ओळखून अर्नेश कुमार निकालात (२०१४) न्यायालयानं बजावलं की पोलिसांनी कारणांची तपासणी-सूची भरून मॅजिस्ट्रेटला द्यायची आणि मॅजिस्ट्रेटनं ती वाचून समाधान झालं तरच कोठडी द्यायची. तो खटला ४९८अ चा, म्हणजे सासरच्या छळाचा, होता, पण नियम सात वर्षांपर्यंतच्या सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे. फसवणुकीचं जुनं ४२० (आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ पोटकलम ४) सात वर्षांचंच, म्हणजे तेही आलं. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात २०२२ साली पुढं सांगितलं की हे पाळलं नाही तर आरोपी जामिनाला पात्र. जानेवारी २०२५ मध्ये त्याच प्रकरणात आणखी एक आदेश झाला: ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनंच बजावायची.

आणि हे केवळ गरिबाला लागू असं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये एका मोठ्या बँकेच्या माजी प्रमुख आणि त्यांच्या पतीची सीबीआयनं केलेली अटक याच मुद्द्यावर कायद्याला धरून नसल्याचं सांगत त्यांना सोडलं. वकील मोठे असले की कलमं लवकर सापडतात, हे मात्र खरं.

उंबरा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नुसती भांडणं होऊन धाग्याचा काश्मीर होऊ देऊ नका एवढीच विनंती.

माजीखाकी

निवृत्त आहे. उभा जन्म खात्यात गेला, त्यातली बरीच वर्षं ठाणे अंमलदार म्हणून टेबलावर. वकीलसाहेबांनी लिहिलेलं कायद्याचं बरोबर आहे, पण दुसरी बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

अटक करा असं आम्हाला सांगतं कोण? तुम्हीच. अपघातात माणूस गेला की नातेवाईक सरकारी दवाखान्यात ठिय्या मांडतात, "आरोपीला अटक होईपर्यंत प्रेत ताब्यात घेणार नाही." बाहेर रास्ता रोको. कलमाला शिक्षा सात वर्षांच्या आत, नोटीस देऊन सोडायचा गुन्हा. तसं केलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात "पोलिसांनी आरोपीला मोकाट सोडले". मग पीआय साहेब काय करणार? कारण लिहितात आणि अटक दाखवतात.

आता बसवून ठेवण्याबद्दल. त्यातले निम्मे अर्धे प्रसंग आई-बापांच्या विनंतीवरून होतात, हे कोणी कबूल करणार नाही. पोरगं मारामारीत सापडलं. बाप येतो, हात जोडतो. "साहेब, रेकॉर्डवर घेऊ नका, पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय. रात्रभर बसवा, दोन कानाखाली द्या, पण नाव चढवू नका." अटक लिहिली की मेडिकल, अटक पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवणं, सगळं आलं. पुढं पासपोर्टच्या, नोकरीच्या पडताळणीत ते दिसतं. न लिहिण्यात दोघांचीही सोय बघितली जाते.

सई_क

@माजीखाकी, प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं. पण 'दोन कानाखाली द्या' हे ज्या सहजतेनं आलं ते खटकलं. बापानं विनंती केली म्हणून पोलिसांना हात उचलायचा अधिकार मिळतो का? आणि ज्या पोराचा बाप ठाण्यापर्यंत पोचतच नाही, पारधी वस्तीवरचा, नाक्यावरचा बिगारी, त्याला कोणाच्या सोयीसाठी बसवून ठेवतात?

माजीखाकी

नाही मिळत. बाकीच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, ताई.

पंचगंगा

आमच्याकडं गेल्या वर्षी चुलतभावाला असंच नेलं. पार्किंगवरनं भांडण, समोरच्याचं डोकं फुटलं. भाऊ म्हणतोय मी सोडवायला गेलतो. संध्याकाळी "पाच मिनिटं साहेबांना भेटून जा" म्हणून गाडीवर बसवून नेला, तो दुसऱ्या दिवशी रात्री सुटला. अटक नाही, नोटीस नाही, एक कागद नाही. घरच्यांना फोनबी करू दिला न्हाई. आता तक्रार करावी म्हटलं तर पुरावा काय, तो ठाण्यात होता ह्याचाच पुरावा न्हाई. वकीलसाहेब, ह्याला अटक म्हणायचं का नाही?

चावडीवकील

@पंचगंगा, म्हणायचं. मुंबई उच्च न्यायालयानं १९९० सालीच अशक हुसेन प्रकरणात (ते कस्टमचं होतं) सांगितलंय: अधिकाऱ्यानं अटकेची वेळ कितीची लिहिली यावर काही ठरत नाही, माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तिथून अटक सुरू झाली. भाऊ उठून घरी जाऊ शकत होता का? नव्हता. मग अटकच.

पण निकालांचा हा रस्ता सरळ नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ईडीनं एका ज्येष्ठ नागरिकाला समन्सवर बोलावून रात्रभर, पहाटेपर्यंत जबाब घेतला आणि मग अटक दाखवली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि मंजुषा देशपांडे यांच्या खंडपीठानं झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे म्हणून खडसावलं, जबाबाच्या वेळा ठरवून परिपत्रक काढायला लावलं. पण २४ तासांचा मुद्दा फेटाळला, कारण तो गृहस्थ समन्स मिळाल्यावर आपणहून आला होता आणि तोवर अटकेत नव्हता असं धरलं गेलं. म्हणजे 'आपणहून आला' हे दोन शब्द फार महाग पडतात. तुमच्या भावाला "पाच मिनिटं भेटून जा" असं का म्हटलं, ते आता कळलं असेल.

लेस्टरकर

इथं ब्रिटनमध्ये याच जागेवर कायद्यानं बोट ठेवलंय. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्याचं कलम २९: चौकशीला आपणहून आलेला माणूस वाटेल तेव्हा उठून जाऊ शकतो. जाऊ द्यायचा नसेल तर तिथल्या तिथं "तुला अटक केली आहे" असं सांगावं लागतं. मधली अवस्थाच ठेवलेली नाही. वॉरंटशिवाय अटक इथंही सर्रास होते, कलम २४ खाली. पण ठाण्यात आणल्यावर माणूस तपास करणाऱ्याच्या हातात राहत नाही, त्याच्यावर एक वेगळा कोठडी अधिकारी असतो, ज्याचा त्या तपासाशी संबंध नसतो. आत आला किती वाजता, जेवण कधी दिलं, वकिलाला फोन कधी, सगळं तो लिहितो. साधारण २४ तासांत आरोप ठेवायचा नाहीतर सोडायचं. गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकारी ३६ तासांपर्यंत आणि पुढं मॅजिस्ट्रेट जास्तीत जास्त ९६ तासांपर्यंत वाढवू शकतो.

इथं सगळं आलबेल आहे असं नाही. रस्त्यावर थांबवून झडती घेण्यावरून, विशेषतः कृष्णवर्णीय पोरांच्या, कायम वाद चालू असतो. पण ठाण्याच्या आतला हिशेब बराच चोख आहे.

उंबरा

तिकडं कोठडी अधिकारी, इकडं चहा आणायला बसवून ठेवलेलं पोरगंच पाठवतात. 'आपणहून' गेलं की नाही?

भाकरतुकडा

मोर्चेकऱ्यांचं कोणी लिहीत नाही म्हणून मी. आमच्यावर गुन्हा नसतो, तरी उचलतात. मंत्री येणार म्हटलं की आदल्या रात्री गुन्हा करू नका अशी ताकीद देणारी १४९ ची नोटीस घरी (आता कलम १६८), आणि सकाळी १५१ खाली ताब्यात (आता १७०). दिवसभर ठाण्यात नाहीतर मंगल कार्यालयात बसायचं, मंत्र्याचा ताफा गेला की सोडायचं. हा अधिकार प्रतिबंधात्मक आहे, वॉरंट लागत नाही. पण अट आहे: माणूस दखलपात्र गुन्हा करायच्या बेतात आहे हे पोलिसाला माहीत असलं पाहिजे आणि दुसऱ्या कुठल्याही मार्गानं तो टाळता येणार नाही असं दिसलं पाहिजे. काळा झेंडा दाखवणं हा कुठला दखलपात्र गुन्हा? आणि २४ तासांच्या वर ठेवायचं तर दुसऱ्या कुठल्यातरी कायद्याचा आधार लागतो. नव्या संहितेत १७२ आणखी एक आलंय: पोलिसाचा कायदेशीर हुकूम ऐकला नाही तर ताब्यात घ्या, किरकोळ असेल तर २४ तासांत सोडा. 'किरकोळ' ठरवणार तोच.

सई_क

बायकांबद्दलचं नियमात काय आहे ते एकदा नीट सांगाल का? व्हॉट्सॲपवर जे फिरतं त्यात अर्धं खोटं असतं.

चावडीवकील

@सई_क, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही, हा नियम आहे. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची (कलम ४३). साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर स्त्रीला ठाण्यात बोलवता येत नाही, तिच्या राहत्या घरी जाऊन घ्यायचा (कलम १७९). साठीच्या वरच्या माणसालाही तेच. शिवाय तीन वर्षांच्या आत शिक्षेचा गुन्हा आणि माणूस साठीच्या वर किंवा आजारी असेल तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही, ही तरतूद नवीन आहे.

हे सगळं आकाशातून पडलेलं नाही. शीला बारसे या पत्रकारानं मुंबईच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यातून १९८३ चा निकाल आला: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला पोलिसांची उपस्थिती, अटक झाली की जवळच्या कायदेविषयक साहाय्य समितीला खबर. आणि पुण्यातल्या त्या माय-लेकींचा निकाल माहीत आहे का? मुलगी डॉक्टर, आई सत्तरीतली, पुणे जिल्हा न्यायालयात वकिली करणारी. २०१२ मध्ये मध्य प्रदेश सायबर पोलिसांनी फसवणुकीच्या तक्रारीवरून त्यांना पुण्याच्या घरातून उचललं, इथल्या मॅजिस्ट्रेटसमोर न नेता रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून भोपाळला नेलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली दोघींना प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. आई स्वतः वकील होती, तरीही हे झालं.

घाटमाथा

अवांतर: आमच्या सोसायटीत सायकलचोर पकडला होता, लोकांनी रात्रभर पंपाच्या खोलीत कोंडला. हे चालतं का?

चावडीवकील

@घाटमाथा, नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर सामान्य माणूसही पकडू शकतो (कलम ४०), पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. कोंडून मारलंत तर पुढचे आरोपी तुम्ही.

बाकावरचा_काका

मला परवा व्हिडिओ कॉल आला, मागं पोलिसांचा बोर्ड, "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, खोलीबाहेर जाऊ नका." असली अटक नव्या कायद्यात आली आहे का?

माजीखाकी

काका, असली कुठलीही अटक नाही. अटक करायला माणूस समोर यावा लागतो, नावाची पट्टी लावून. फोन ठेवा आणि १९३० वर कळवा. पैसे पाठवले असतील तर आत्ताच्या आत्ता.

बाकावरचा_काका

पाठवले नाहीत. मी त्याला म्हटलं वॉरंट दाखव, तर त्यानं दाखवलं सुद्धा. शिक्का होता!

चावडीवकील

घ्या. खऱ्या पोलिसाला वॉरंट लागत नाही आणि खोट्याकडे ते तयार असतं :)

आता एक गोष्ट जी गेल्या दोन-तीन वर्षांत बदलली आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अटकेची कारणं लेखी द्यायची. पंकज बन्सल (२०२३) ईडीच्या अटकेबद्दल, प्रबीर पुरकायस्थ (२०२४) यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याबद्दल, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणातून आलेला निकाल सगळ्याच गुन्ह्यांबद्दल. त्यात स्पष्ट सांगितलंय की कारणं आरोपीला कळेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, निदान रिमांडसाठी (कोठडी मागायला) उभं करण्याच्या दोन तास आधी तरी कागद हातात पडला पाहिजे. नाही दिला तर अटक आणि रिमांड बेकायदा.

'कळेल अशा भाषेत' याचा अर्थ आपल्याकडे काय होतो बघा. भिवंडीच्या गोदामात काम करणारा ओडिशाचा मजूर आणि हातात मराठी कागद, "वाचून समजले" खाली अंगठा. उलट गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या माणसाला मराठी कागद. यापुढं प्रत्येक रिमांडला बचावाचा पहिला प्रश्न हाच असणार.

माजीखाकी

आणि तो कागद लिहिणार कोण, भाषांतर करणार कोण? रात्री दोनला, बंदोबस्तावरून आलेला हवालदार? न्यायालयांनी सांगायला हरकत नाही, माणसं कोण देणार?

घाटमाथा

@माजीखाकी, भाषांतराचं समजू शकतो. पण वेळ लिहायला काय माणसं लागतात? आमच्या गेटवर पिझ्झावाल्याचीही आत-बाहेरची वेळ वहीत लिहितात. ठाण्यात आलेल्या प्रत्येकाची वेळ का लिहीत नाहीत?

माजीखाकी

स्टेशन डायरी असते. लिहिणारा ठाण्यातलाच, साहेबांच्या हाताखालचा. लेस्टरकरांनी सांगितलेला वेगळा अधिकारी आपल्याकडे नाही, इथंच घोडं अडतं. कॅमेरे मात्र आता आहेत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, दारात, व्हरांड्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रीकरण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर, जपायला सांगितलंय. मागायला गेलात की कॅमेरा बंद होता असं ऐकायची तयारी ठेवा, पण मागा. लेखी मागा, पोच घ्या.

पंचगंगा

म्हणजे भावाचं वर्ष उलटत आलंय, अजून मागता येईल? आणि पुढं कधी असं झालं तर त्या रात्री नेमकं करायचं काय?

चावडीवकील

मागता येईल, उद्याच अर्ज करा. तारीख आणि अंदाजे वेळ घालून, फूटेज जपून ठेवण्याची विनंती, एक प्रत अधीक्षकांना.

त्या रात्री काय करायचं म्हणाल तर दारात वाद घालू नका. ११२ ला फोन करा आणि सांगा की अमुक माणसाला अमुक वाजता अमुक ठाण्यात नेलंय, अटक आहे का कळवा. त्या फोनची वेळ पोलिसांच्याच यंत्रणेत नोंदली जाते, ती नंतर कोणाला बदलता येत नाही. तोच मजकूर अधीक्षक किंवा आयुक्तालयाला ईमेल. वकील मिळत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा अधिकार आहे (कलम ३८), पूर्ण वेळ शेजारी बसायचा नाही, पण भेटायचा आहे. एवढ्यानं माणूस सापडत नसेल तर हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा असा उच्च न्यायालयात अर्ज. तुमच्याकडं तर आता कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायला नको.

पंचगंगा

आणि मॅजिस्ट्रेटसमोर नेल्यावर? तिथं साहेब विचारतात म्हणं, पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का. सगळे नाही म्हणतात. मागं हवालदार उभा असतोय.

चावडीवकील

तक्रार आहे म्हणायची हिंमत होत नसेल तर नका म्हणू. एवढंच सांगा, "मला काल संध्याकाळी सातला आणलं." त्यात कोणावर आरोप नाही. वकिलानं ते रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदवहीत) लिहून घ्यायची विनंती करायची, आणि अटक पंचनाम्यावर चार वाजलेले असतील तर तो कागद शेजारी ठेवायचा.